टाकलेल्या पानांचा पुरावा : पोकरमधील अवघड माघारीचा इतिहास

१/
रणांगणावरील माघारीची नोंद निदान शत्रूच्या बखरीत तरी सापडते. पत्त्यांच्या डावातील माघारीचे तसे नाही. पोकरचा खेळाडू हातातील पाने पालथीच पुढे सरकवतो, ती वाटणाऱ्यासमोरच्या ढिगात मिसळतात आणि पुरावा तेथेच संपतो. दिवाळीत तीन पत्ती खेळणारे ज्याला 'पॅक' होणे म्हणतात, तोच पोकरमधला 'फोल्ड'. हलकी पाने टाकणे कोणालाही जमते. हा धागा आहे तो भारी पाने टाकण्याचा.

२/
आरंभीच्या पोकरमध्ये हा प्रश्न आजच्याइतका तीव्र नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर हा खेळ २० पानांनी खेळला जाई : एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चौघांना पाच-पाच पाने वाटली की गड्डी संपली. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने १८२९ मधील आगबोटीवरच्या अशा एका डावाचे वर्णन आपल्या आठवणींत केले आहे. त्या खेळात चार एक्के किंवा चार राजे आणि एक एक्का हाती आले, तर हरणे अशक्यच होते. सर्वोच्च हात कोणता, हे पाने उचलताच कळत असे.

३/
धोका निराळाच होता. बोलीला मर्यादा नसे, त्यामुळे धनवान माणूस पैशाच्या बळावर दुसऱ्याला डावाबाहेर ढकलू शके. त्यावर पुढे जो उपाय रूढ झाला, तो आजही प्रत्येक रोख डावाचा पाया आहे : डाव सुरू होताना खेळाडूसमोर टेबलावर जेवढी रक्कम असेल, तेवढीच त्या डावात पणाला लागते. खिशातून भर घालता येत नाही आणि समोरची रक्कम कमी पडली म्हणून कोणी बादही होत नाही. म्हणजे भारी पाने टाकण्याची सक्ती उरली नाही. उरला तो केवळ निर्णय.

४/
हा निर्णय खऱ्या अर्थाने अवघड केला 'टेक्सस होल्डेम'ने. टेक्ससच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन हे या खेळाचे जन्मस्थान मानले. १९६० च्या दशकात तो लास व्हेगासला पोहोचला. यात प्रत्येकाची दोन पाने झाकलेली असतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात : आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक उघड्या पानागणिक हातांची किंमत बदलते. आरंभी अजिंक्य वाटणारी एक्क्यांची जोडी पाचव्या पानापर्यंत निव्वळ एक जोडी होऊन बसते.

५/
रोख डावात हे अधिक बोचते. स्पर्धेत सक्तीच्या बोली वेळेनुसार वाढत जातात, थांबत बसणाऱ्याला त्या गिळतात. रोख डावात त्या स्थिर राहतात. खेळाडू वाट पाहू शकतो, हवे तेव्हा उठून जाऊ शकतो. शिवाय समोरची रक्कम सक्तीच्या बोलीच्या शेकडोपट असू शकते, आणि एवढी सगळी रक्कम एका जोडीवर लावायला दोन्ही बाजू तयार झाल्या, तर दोघांपैकी एकाचे गणित बहुधा चुकलेले असते.

६/
कॅमेऱ्यापूर्वीचा इतिहास खेळाडूंच्या तोंडून आलेला आहे, आणि तो बहुतांशी न टाकलेल्या पानांचा आहे. सर्वांत गाजलेली कथा जॉनी मॉस आणि निक डॅन्डोलोस ऊर्फ 'निक द ग्रीक' यांची. एक पान झाकून चार उघडी वाटण्याचा तो खेळ. मॉसकडे नव्वीची जोडी. शेवटच्या पानावर ग्रीकपुढे गुलाम उघडला. झाकलेले पानही गुलामच असेल तर मॉस संपला. पण तो गुलाम धरून ग्रीक इतक्या मोठ्या बोली भरत आलाच कसा असता? असा तर्क करून मॉसने उरलेली रक्कम लावली. झाकलेले पान गुलामच निघाले. बेनी बिनियनच्या 'हॉर्सशू'शी जोडलेल्या या सामन्याचे साल १९४९ सांगितले जाते, पण हॉर्सशू उघडला १९५१ मध्ये. दंतकथांच्या सालांचे असेच असते. मॉसने त्या आयुष्यात किती वेळा अचूक माघार घेतली, हे मात्र कोणीच लिहून ठेवले नाही.

७/
हा अंधार दूर करणाऱ्यांत एक नाव हेन्री ओरेनस्टाइन यांचे. पोलंडमध्ये १९२३ साली जन्मलेला हा ज्यू तरुण नाझी छळछावण्यांतून वाचला. शास्त्रज्ञ आणि गणितज्ञ हवे आहेत, असे जर्मनांनी जाहीर करताच त्याने स्वतःचे आणि भावंडांचे नाव बेधडक नोंदवले होते. प्राणांची बाजी लावून दिलेली ही हूल! पुढे अमेरिकेत ते खेळण्यांच्या धंद्यात नावारूपाला आले आणि १९९५ मध्ये झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचे पेटंट त्यांनी मिळवले. ब्रिटनमध्ये १९९९ साली 'लेट नाइट पोकर' या मालिकेने टेबलात काच बसवून खालून पाने दाखवली. टाकलेल्या पानांचा पुरावा आता उरू लागला.

८/
२००६ मध्ये 'हाय स्टेक्स पोकर' या मालिकेत प्रत्यक्ष रोख रकमेचे डाव दिसू लागले. त्याच वर्षीचा एक डाव : डॅनियल नेग्रानूकडे छक्कीची जोडी, गस हॅन्सनकडे पंजीची. उघडी पाने नव्वी, छक्की, पंजी, मग पंजी, शेवटी अठ्ठी. नेग्रानूकडे तीन छक्क्या आणि दोन पंज्या. हॅन्सनने उरलेली सगळी रक्कम पुढे केली. नेग्रानूला हरवू शकणाऱ्या जोड्या तीनच : नव्वी, अठ्ठी, पंजी. पानांची सर्व संभाव्य जुळणी मोजली तरी सात प्रकार. उलट सत्ती किंवा एखादी पंजी धरून बसलेला हात तेथे हरला असता. नेग्रानूने बोली भरली आणि ५,७५,७०० डॉलरांचा डाव गमावला. हॅन्सनकडे चार पंज्या होत्या. एवढा हात टाकायला हवा होता, असे म्हणणे म्हणजे पश्चातबुद्धी.

९/
याची दुसरी बाजू २००९ मध्ये दिसली. बॅरी ग्रीनस्टीनने एक्क्यांच्या जोडीवर २,५०० डॉलरांची बोली लावली. टॉम ड्वान राणी-दश्शी घेऊन आत आला, त्यापाठोपाठ टेबलावरचे बाकीचेही. त्यांत २००८ चा जगज्जेता पीटर ईस्टगेट होता, चव्वी-दुर्री घेऊन. उघडली दुर्री, दश्शी, दुर्री. ईस्टगेटच्या तीन दुर्ऱ्या झाल्या. ग्रीनस्टीनने १०,००० लावले, ड्वानने ते ३७,३०० वर नेले, ईस्टगेटने भरले, ग्रीनस्टीननेही भरले. तिघांत सर्वांत हलका हात ड्वानचा.

१०/
चौथे पान निरुपद्रवी सत्ती. मध्यभागी सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर. ड्वानने १,०४,२०० लावले.

११/
आता ईस्टगेटच्या जागेवरून पाहावे. सातआठ जणांच्या गर्दीत ग्रीनस्टीनने बोली लावली होती, तरीही ड्वानने ती वाढवली. असे करणाऱ्याकडे दुर्री असणार, आणि तिच्या जोडीचे पान चव्वीपेक्षा मोठे असणार. शिवाय ग्रीनस्टीन अजून बोलायचा होता. ईस्टगेटने तीन दुर्ऱ्या टाकल्या. मग ग्रीनस्टीनने एक्के टाकले. दोघांनी डोके लढवून माघार घेतली आणि दोघेही जिंकत होते.

१२/
हे शुद्ध गणितातही चूकच होते का? १,०४,२०० भरून सुमारे ३,४२,००० ची रास मिळणार असेल, तर शंभरपैकी ३१ वेळा जिंकले तरी नुकसान होत नाही. ग्रीनस्टीनला तेवढीही आशा दिसली नाही, आणि ईस्टगेटकडे दुर्री असल्याचा त्याचा अंदाज खराही होता. डेव्हिड स्क्लान्स्कीने १९८७ च्या 'थिअरी ऑफ पोकर' या ग्रंथात चुकीची व्याख्या केली आहे ती अशी : प्रतिपक्षाची पाने दिसत असती तर जसे खेळलो असतो, त्याहून निराळे खेळणे. या व्याख्येने ग्रीनस्टीन चुकला. पण ती चूक घरी बसलेल्या प्रेक्षकालाच दिसत होती.

१३/
मग 'शंका आली की टाका' हा नियम का चालत नाही? मध्यभागी १०० असताना १०० ची हूल देणाऱ्याला निम्म्या वेळा माघार मिळाली तरी त्याचे काही जात नाही. निम्म्याहून जास्त वेळा टाकणारा खेळाडू त्याला पगार देत असतो. दुसरीकडे मॉससारखा तर्क करून प्रत्येक वेळी भरणाराही लुटला जातो. म्हणून अनुभवी खेळाडू केवळ आपले पान किती भारी, हे पाहत नाहीत. या बोलीपाशी आपल्याकडे एरवी कोणकोणते हात असतात आणि त्यांच्यात हा कितवा, हे ते पाहतात. एक्के या क्रमवारीत कधी शिरोभागी, कधी तळाशी.

१४/
बहुतेक टेबलांवर आजही कॅमेरा नसतो. व्हेगासमध्ये असो वा मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-बोटीवर, सर्वसाधारण प्रघात एकच : बोली कोणी भरली नाही, तर जिंकणाऱ्याने पाने दाखवणे बंधनकारक नाही. एक्के टाकणारा खेळाडू क्षणभर समोरच्याकडे पाहतो. समोरचा चिप्स ओढून घेतो, पाने पालथीच ढिगात सरकवतो, आणि वाटणारा पुढच्या डावासाठी गड्डी पिसू लागतो.