शीतगृहातील संगीत

दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन वस्तीत पूर्वी मांस साठविण्यासाठी वापरल्या गेलेल्या एका शीतखोलीत तीन तरुणांनी आपले बिऱ्हाड थाटले आणि त्या जागेला नावही ‘कोल्ड स्टोरेज’ असेच दिले. चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलेन आणि गॅरेथ विल्यम्स हे ते तिघे. १९७६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या वृंदाचे नाव होते ‘दिस हीट’. शीतगृहात ‘ही उष्णता’! योगायोग गमतीचा खराच.

हेवर्ड ड्रम वाजवी, बुलेन गिटार. विल्यम्सला मात्र वाद्यवादनाचे शिक्षण नव्हते, आणि हे जाणूनच त्याला सोबत घेतले गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे पलटे घोटले आहेत त्यांना हे रुचणार नाही. मलाही ते सर्वस्वी पटत नाही. परंतु त्यांच्या तबकड्या ऐकल्यावर ही कल्पना हसण्यावारी नेता येत नाही, एवढे कबूल केले पाहिजे. त्यांचे खरे वाद्य म्हणजे ध्वनिफीत. आपलेच वादन फितीवर घ्यावे, तिचा तुकडा कापून टोकाला टोक जोडावे, ते कडे यंत्रावर फिरत ठेवावे आणि त्याचा वेग, स्वर पालटीत जावे, अशी त्यांची रीत. १९७९ च्या पहिल्या तबकडीतील एक रचना तर सबंध अशा फिरत्या फितीवरच उभी आहे.

दुसरी तबकडी ‘डिसीट’, म्हणजे ‘फसवणूक’, १९८१ ची. तिच्यामागची भीती समजून घेतली पाहिजे. अमेरिकेची अण्वस्त्रे ब्रिटनच्या भूमीवर ठेवण्याचा निर्णय १९७९ अखेर झाला होता. १९८० साली ब्रिटिश सरकारने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बाँब पडणार असेल तर घरातली दारे काढून भिंतीला तिरकी टेकवा आणि त्यांच्या आडोशाला बसा, असा तीत नागरिकांना उपदेश होता! अणुबाँबपुढे लाकडी दार! या तिघांनी तबकडीच्या वेष्टनावरच अणुस्फोटाचा ढग छापला. आत एका गीताला शब्द घेतले ते १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे. त्यावर निराळे भाष्य त्यांनी केले नाही. शब्द त्या काळात ऐकविले, एवढेच.

१९८२ मध्ये वृंद मोडला. विल्यम्स केरळात कथकली शिकावयास आला होता. २००१ साली तो निवर्तला. पुढे २०१६ मध्ये हेवर्ड आणि बुलेन इतर साथीदारांसह लंडनच्या मंचावर पुन्हा उभे राहिले. जुन्याच रचना होत्या, पण नाव घेतले ‘दिस इज नॉट दिस हीट’.