कीबोर्ड मॅक्रो : एका कळीत अनेक कामे

एका तक्त्यातील मजकूर उचलायचा, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत जायचे, तेथे तो चिकटवायचा आणि पुढच्या नोंदीसाठी परत फिरायचे, हे काम शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि लहानमोठ्या कार्यालयांत आजही रोज चालते. समजा, ३०० विद्यार्थ्यांची माहिती एक्सेलच्या तक्त्यातून दुसऱ्या प्रोग्रॅममधील अर्जात भरायची आहे आणि प्रत्येकाचे ४ रकाने आहेत. प्रत्येक रकान्यासाठी कॉपी करणे, खिडकी बदलणे, पेस्ट करणे आणि परत येणे अशा ४ क्रिया धरल्या, तरी एकूण ४,८०० क्रिया होतात. यात बुद्धीला काहीच काम नसते. पण थकलेल्या हाताकडून एक ओळ चुकली, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. अशा कामासाठी कीबोर्ड मॅक्रो उपयोगी पडतो.

मॅक्रो म्हणजे काय?

'मॅक्रो' हा शब्द लांब किंवा मोठा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. ठरावीक क्रमाने दाबायच्या अनेक कळांची मालिका एकदा नोंदवून ती एकाच कळीवर किंवा कळांच्या जोडीवर बांधणे म्हणजे कीबोर्ड मॅक्रो. ती कळ दाबली, की संगणक उरलेल्या कळा स्वतःच 'दाबतो'. समोरच्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते माणसाने केलेले टंकलेखनच असते. त्यामुळे ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बाहेरची माहिती आत घेण्याची सोयच नाही, तेथेही मॅक्रो चालतो.

थोडा इतिहास

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९७६ मध्ये तयार झालेल्या 'ईमॅक्स' या संपादकाचे नावच 'एडिटर मॅक्रोज' या शब्दांवरून पडले. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' या प्रोग्रॅममध्ये कळांचा क्रम तक्त्याच्याच चौकटीत लिहून ठेवता येत असे. एंटर कळीसाठी '~' हे चिन्ह होते. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये 'रेकॉर्डर' नावाची सोय होती. विंडोज ९५ मध्ये ती राहिली नाही. एक्सेलमध्ये १९९३ पासून व्हीबीए ही आज्ञाभाषा आहे. पण तिचा मुख्य वापर ऑफिसच्या प्रोग्रॅमपुरता होतो. कोणत्याही दोन प्रोग्रॅममध्ये कळा पाठवण्यासाठी विंडोजवर 'ऑटोहॉटकी' हे २००३ पासून उपलब्ध असलेले मोफत साधन प्रचलित आहे. त्याची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. त्यात कंट्रोल कळीसाठी '^', शिफ्टसाठी '+' आणि आल्टसाठी '!' ही चिन्हे वापरतात.

चूक कोठे होते?

मॅक्रो आंधळा असतो. पडद्यावर काय घडले हे न पाहता तो पुढची कळ दाबतो. माणूस खिडकी उघडेपर्यंत नकळत थांबतो. मॅक्रोला थांबायला सांगावे लागते. ठरावीक सेकंदांचा विराम देणे हा कच्चा उपाय होय. हवी ती खिडकी पुढे आली आहे याची खात्री पटल्यावरच पुढे जाण्याची आज्ञा देणे अधिक सुरक्षित असते.

सर्वांत घातक चूक क्लिपबोर्डची. कॉपीची आज्ञा काही कारणाने फसली, तर क्लिपबोर्डमध्ये आधीच्या नोंदीचा मजकूर तसाच राहतो आणि तोच पुढच्या नावासमोर चिकटवला जातो. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी क्लिपबोर्ड आधी रिकामा करावा, मग कॉपी करावे, त्यात मजकूर येईपर्यंत थांबावे आणि ठरलेल्या वेळेत तो आला नाही तर मॅक्रो बंद पडावा, अशी रचना हवी.

मराठीत काम करणाऱ्यांनी कळफलकाची भाषाही तपासावी. केवळ कळांचे क्रमांक नोंदवणारी साधने इन्स्क्रिप्ट सुरू असताना इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे उमटवतात. मजकूर टंकित करण्यापेक्षा चिकटवणे येथे सोयीचे ठरते. एक्सेलमध्ये माहिती आणताना खाते क्रमांकाचे रकाने आधीच 'टेक्स्ट' प्रकारचे करून ठेवावेत. नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात.

वापरण्यापूर्वी

* माहिती थेट आत घेण्याची सोय, उदाहरणार्थ सीएसव्ही फाइलद्वारे, उपलब्ध असेल तर तीच वापरावी. मॅक्रो हा त्यानंतरचा पर्याय आहे.
* मूळ तक्त्याची प्रत काढून ठेवावी आणि आधी ५ नोंदींवर चाचणी घ्यावी.
* माउसच्या जागेवर विसंबू नये; खिडकी हलली की ती जागा चुकते. टॅब आणि बाणांच्या कळा वापराव्यात.
* मॅक्रो तत्काळ थांबवणारी एक कळ राखून ठेवावी.
* पासवर्ड मॅक्रोमध्ये लिहू नये; ती फाइल कोणालाही वाचता येते.
* कार्यालयाच्या संगणकावर असे साधन बसवण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. एक्सेलमधील चूक मागे घेता येते. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये 'सबमिट' झालेली नोंद बहुधा मागे घेता येत नाही. त्यामुळे रकाने भरण्याचे काम मॅक्रोकडे द्यावे, पण नोंद कायम करणारी शेवटची कळ माणसानेच, नाव आणि आकडा ताडून, दाबावी. काम संपल्यावर नोंदींची संख्या आणि बेरीज दोन्हीकडे जुळते का, हेही पाहावे. मॅक्रो माणसाचा वेळ वाचवतो, तसाच माणसाची चूकही तो न थकता ३०० वेळा गिरवतो.