फिरायचं कुणी?

इंजिनिअरिंगला असताना सुपरकंडक्टिंग जनरेटरवर मी परीक्षेत लिहिलं होतं: 'रेझिस्टन्स शून्य, म्हणून वीज वाचते.' मार्क मिळाले, पण मुद्दा निसटला होता. मोठे साधे जनरेटरसुद्धा 98-99 टक्के कार्यक्षम असतात. वाचवायला उरतंच किती? खरा फायदा आकारात आणि वजनात आहे. तांब्यात करंट वाढवला की ती तापते. सुपरकंडक्टर तापत नाही, म्हणून छोट्याशा कॉइलमधूनही प्रचंड चुंबकीय क्षेत्र मिळतं.

1911 मध्ये लायडनला हाइके कामरलिंग ओनसला उणे 269 अंशांना पाऱ्याचा रेझिस्टन्स नाहीसा झालेला दिसला. लगेच त्याच्या डोक्यात शक्तिशाली चुंबक घोळू लागले. पण शिशाची कॉइल जेमतेम चुंबकीय क्षेत्रातच सुपरकंडक्टिंग राहीना. हे कोडं सुटायला 1961 उजाडलं. बेल लॅब्जमध्ये नायोबियम आणि कथिलाच्या संयुगाने 8.8 टेस्लाच्या क्षेत्रातही भरपूर करंट वाहून नेला.

मग एमआयटीसारख्या ठिकाणी ही कॉइल जनरेटरच्या रोटरमध्ये बसवली गेली. तिथे डीसी करंट असतो, आणि सुपरकंडक्टरला तोच मानवतो. पण आता द्रव हेलियम फिरत्या शाफ्टमधून आत न्यायचा होता. शाफ्ट टर्बाइनचा जोर पेलण्याइतका जाड हवा, आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून पातळही हवा! तरी जपानने 1990च्या दशकात 70 मेगावॉट वर्गाच्या अशा जनरेटरच्या चाचण्या यशस्वी केल्या. वीजकेंद्रांनी मात्र त्यांचा स्वीकार केला नाही. तिथे वजनाची घाई कुणाला?

घाई होती विमानांना. फक्त तिथे यंत्र मिनिटाला दहा हजार फेरे घेणार. मी गणित करून पाहिलं: अक्षापासून 15 सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम तेव्हा सोळा किलोहून जास्त जोराने बाहेर ओढला जातो. 1986 नंतर आलेले, कमी थंडीतही चालणारे सुपरकंडक्टर तर ठिसूळ सिरॅमिकचे. ते तिथे कसे टिकणार?

अमेरिकी हवाई दलासाठी जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरांनी 2000 नंतरच्या दशकात कॉइल रोटरमधून काढून स्थिर ठेवली. तिच्या आत फिरतो तो नुसता भरीव पोलादाचा रोटर, त्याच्या दोन्ही टोकांना एकाआड एक उंचवटे. कॉइल त्याला चुंबक बनवते आणि फिरते उंचवटे बाहेरच्या वाइंडिंगमध्ये वीज निर्माण करतात. कल्पना जुनीच: याच कंपनीच्या अलेक्झांडरसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडिओसाठी केलेल्या यंत्रातही रोटरवर तार नव्हती. चाचणीत नवं यंत्र दहा हजारांवर फेरे घेत मेगावॉटहून जास्त वीज देऊन गेलं.

याची किंमत मोजावी लागलीच. इथे क्षेत्र कमी-जास्त होतं, पण उलटत नाही, त्यामुळे त्याचा पुरा उपयोग होत नाही. शिवाय पोलादाचं वजन आलंच. पण थंड, नाजूक वस्तू जागेवर राहिली आणि फिरण्याचं काम पोलादाकडे गेलं.

तो पेपर पुन्हा लिहायला मिळाला, तर आधी आकृती काढेन आणि बाण काढून दाखवेन की यातलं फिरतंय काय.