आजोबांची ॲटलस, मॅरिनची टेकडी आणि अर्धा इंचाची खाच

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या इअरफोनचा एकच कान चालतो, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना येणारं "म्हणजे काय की" जमेल तेवढं गाळलंय. सगळं गळालं नाही, सांभाळून घ्या.

तर, मला एक सिंगलस्पीड माउंटन बाइक बांधायची होती. एकच गिअर, जाड टायर, सकाळी वेताळ टेकडीवर न्यायला. चाकं, हँडल, ब्रेक हळूहळू जमवता येतात. पहिला प्रश्न फ्रेमचा असतो, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. आणि माझ्याकडे एक फ्रेम आधीच होती. जिन्याखाली उभी असलेली आजोबांची ॲटलस. काळी, दांड्याचे ब्रेक, मागे लोखंडी कॅरिअर. आजोबा गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती कुणी चालवलेली नाही.

माझा प्लॅन सरळ होता. मडगार्ड आणि चेनकव्हर काढायचं, वेल्डरकडून नको ते कापून घ्यायचं, नवीन ब्रेक बसतील असे तुकडे जोडून घ्यायचे. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "काप हवी तर. पण एकदा कापलीस की परत जोडता येणार नाही, एवढं लक्षात ठेव."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, अगं, माउंटन बाइकचा जन्मच जुन्या सायकली उघड्या करून झालाय! कॅलिफोर्नियातल्या पोरांनी आजोबांच्या काळातल्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावर नेल्या. मी तेच करतोय.

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं होतं की कधी तपासलंच नव्हतं. या एपिसोडसाठी तपासलं.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मॅरिन काउंटी लागते. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या आसपास वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेले मातीचे रस्ते. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं या रस्त्यांवरून जुन्या सायकली उतरवायची. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं तुम्ही ऐकली असतील. गंमत म्हणजे हे लोक मुळात रोड रेसिंगवाले. बारीक टायर, हलक्या फ्रेम यांची त्यांना पक्की जाण होती. त्यामुळे भंगारातून काय उचलायचं हे ते डोळे उघडे ठेवून ठरवत.

त्यांची आवडती फ्रेम म्हणजे श्विन कंपनीची एक्सेल्सिअर, तीस-चाळीसच्या दशकातली. श्विनने १९३३ मध्ये अमेरिकेत सायकलला जाड, फुगीर 'बलून' टायर दिले होते. २६ इंची चाक, सव्वादोन इंचाच्या आसपास रुंद टायर. मुलांनी फूटपाथवरून उड्या मारल्या तरी टिकावं, पेपर टाकणाऱ्या पोरांना चालावं, म्हणून. आता या फ्रेममध्ये काय होतं ते बघा. मागच्या नळ्यांमध्ये जाड टायरला जागा. पुढची नळी, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो, ती बरीच मागे कललेली, ६८ अंशांच्या आसपास, त्यामुळे उतारावर सायकल शांत राहते, चुळबुळ करत नाही. दोन चाकांमधलं अंतर लांब. आणि पायडलचा मधला ॲक्सल जमिनीपासून पुरेसा उंच, म्हणजे दगडावर पायडल आपटत नाही.

म्हणजे भंगारात शंभर प्रकारच्या फ्रेम असतील, पण हे चार गुण एकत्र असलेली ती उचलली जायची. ती काही डॉलरमध्ये मिळायची हा भाग वेगळा.

२१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे २ मैलांत सुमारे १,३०० फूट खाली. आपली वेताळ टेकडी शहरापासून जेवढी वर आहे, त्याहून हा उतार बराच जास्त. ब्रेक एकच, मागच्या हबमधला, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडा, पुसा, नवीन ग्रीस भरा. इंग्रजीत या पुन्हा ग्रीस भरण्याला 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. पुढे गॅरी फिशरने तो ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरवला. जो ब्रीझचा वेळ ४:२४. दोन सेकंदांचा फरक! (मला त्या दोन सेकंदांवर एक अख्खा एपिसोड करायचाय, पण ते नंतर.)

आता माझ्या सोयीच्या गोष्टीत नेहमी गाळला जाणारा भाग. या फ्रेम वाकायच्या. मोडायच्या. चाळीस वर्षं जुनं लोखंड, त्यावर उतारावरचे धक्के. पुढचा चिमटा वाकणं तर रोजचंच. चार्ली केलीला मोडणार नाही अशी फ्रेम हवी होती, म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझ नवीन फ्रेम बांधायला बसला. क्रोमोली पोलादाच्या नळ्या, आणि मजबुतीसाठी हँडलच्या नळीपासून मागच्या चाकापर्यंत दोन बारीक जादा नळ्या. पहिल्या खेपेत दहा सायकली झाल्या. त्यातली पहिली आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

आणि त्या फ्रेमचे कोन त्याने एक्सेल्सिअरवरून घेतले. माप घेतलं. जुनं लोखंड घेतलं नाही.

इथे मी लॅपटॉप बंद करून जिन्याखाली गेलो, मेजरिंग टेप घेऊन.

आजोबांच्या सायकलचं चाक २८ इंची, त्याची रिम टायर बसते तिथे ६३५ मिलिमीटर. २६ इंची माउंटन बाइकची रिम ५५९. म्हणजे त्रिज्येत ३८ मिलिमीटरचा फरक. जाड टायरमुळे त्यातले १५ परत मिळतात. तरीही पायडलचा ॲक्सल दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली येणार. टेकडीवरच्या प्रत्येक दगडाला पायडल लागणार. मूळ मोठी चाकं ठेवावीत, तर मागच्या नळ्यांमधून जाड टायर जातच नाही. दांड्याचे ब्रेक त्याच मोठ्या रिमसाठी केलेले, ते छोट्या चाकाला पोचतच नाहीत. पुढची नळी मात्र मस्त कललेली, अगदी एक्सेल्सिअरसारखी. चारातला एक गुण, फार तर दीड.

आणखी एक गोष्ट तिच्याकडे होती, आणि ती सिंगलस्पीडवाल्यांना सोन्यासारखी. मागचा ॲक्सल बसतो ती आडवी खाच.

ही खाच समजून घ्या, फ्रेम निवडताना सगळं इथेच अडतं. गिअरच्या सायकलला मागे स्प्रिंगचा डिरेलर असतो, तो ढिली चेन ओढून धरतो. एकाच गिअरला तो नसतो, चेन ताणायला चाकच मागे सरकवावं लागतं. चेनची लांबी आपण पूर्ण कडीच्या, म्हणजे एकेक इंचाच्या टप्प्याने बदलतो. चेन चाकाला वळसा घालून परत येते, त्यामुळे ॲक्सलला निदान अर्धा इंच, पावणेतेरा मिलिमीटर तरी सरकायला जागा हवी. मागच्या चक्रीचा एक दात वाढवला की चाक तीन मिलिमीटरने पुढे आणावं लागतं. हिशेब एवढाच.

जुन्या एक्सेल्सिअरला ही खाच होती, कारण ती मुळातच एका गिअरची सायकल. मग मॅरिनच्या लोकांनी चढासाठी डिरेलर लावले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली, माउंटन बाइक दुकानात पोचली. पुढे क्लिक करून बदलणारे गिअर आले, त्यांना चाक दर वेळी त्याच जागी बसलेलं हवं. म्हणून खाच उभी झाली. चाक घसरत नाही, पटकन बसतं, चांगलीच सोय. पण चेन ताणायची जागा गेली.

त्यामुळे नव्वदच्या दशकात काही हौशी लोक परत एका गिअरकडे वळले तेव्हा त्यांना फ्रेमच मिळेना! कुणी उभ्या खाचेच्या फ्रेमला स्प्रिंगचा टेन्शनर लावला, जो चिखलात उड्या मारतो. कुणी दातांची नेमकी जोडी शोधत बसला, आणि चेन झिजून लांबली की पुन्हा तेच. कुणी टँडेमवरून, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवरून, ॲक्सलचं तिरकं कवच उचललं. ते फिरवलं की पायडलच पुढे-मागे सरकतात. मिनेसोटाच्या सर्लीने वन-बाय-वन नावाची पोलादी फ्रेम काढली, मागे उघडणारी आडवी खाच आणि जाड टायरला भरपूर जागा. म्हणजे फिरून एक्सेल्सिअरपाशीच, फक्त चांगल्या पोलादात.

माझ्या बजेटमध्ये ती बसत नाही. मग जुन्या बाजारात गेलो. तिथे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे बिनगिअरची 'एमटीबी' किती वर्षं शाळेत जातेय! २६ बाय २.१२५ चे टायर, आडवी खाच, एकच चक्री. तुम्ही-आम्ही त्यावरूनच क्लासला गेलोय, आणि तिला कधी भाव दिला नाही.

नाव घासून गेलेली अशीच एक फ्रेम उचलली. विकणाऱ्या काकांनी विचारलं, "चाकं नकोत? नुसती फ्रेम काय करणार?" म्हटलं, "टेकडीवर नेणार काका." ते हसले आणि आठशेचे सहाशे केले. खाच वीस मिलिमीटरची भरली. जड आहे, साध्या लोखंडाची आहे. वेल्डिंगचे सगळे जोड टॉर्च लावून पाहिले, एका ठिकाणी रंगाला रेघ होती, खरवडली तर फक्त रंगच होता. तरी तिच्यावरून उड्या मारणार नाही. वाकलेल्या चिमट्यांचे फोटो पाहिलेत मी.

आजोबांच्या ॲटलसला नवीन ट्यूब टाकल्या, दांड्याचे ब्रेक घट्ट करून घेतले. आईने परवा तिच्यावरून दूध आणलं. पुढच्या एपिसोडला चाकांचा खर्च सांगतो.