शनिवार तेल्यांची चूल आणि फळांचे ब्लिंत्झ



रायपूरच्या सदर बाजारातल्या आमच्या घरातून आज जरा वेगळा विषय घेतोय. लढाया आणि पलटणींवर आपण या मालिकेत पुष्कळ बोललो. आज स्वयंपाकघरात जाऊ. पदार्थ पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतला आहे, नाव ब्लिंत्झ. पण त्याच्यामागचा नियम धरून चाललो की आपण थेट अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचतो.

आधी पदार्थ. कोकणात घावन, आमच्या छत्तीसगडात चीला, तसा हा मैद्याचा. दोन अंडी, एक वाटी मैदा, सव्वा वाटी दूध, चिमूटभर मीठ. गुठळ्या मोडून पातळ घोळ करायचा आणि अर्धा तास झाकून ठेवायचा. तव्यावर लोण्याचा हात फिरवून घोळ पातळ पसरायचा. एकच बाजू भाजायची, उलटायचे नाही. भाजलेल्या बाजूवर सारण ठेवायचे, दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि पाकिटासारखी घडी घालायची. मग तीच घडी, जोड खाली ठेवून, लोण्यात दोन्हीकडून लालसर परतायची. न भाजलेली बाजू बाहेर असते, म्हणून ती आता खुसखुशीत होते.

सारणाला सफरचंद घ्या किंवा घट्ट गराचा आंबा. बारीक फोडी, थोडी साखर, सफरचंद असेल तर दालचिनी. पाणी आटेपर्यंत शिजवा आणि पूर्ण गार करा. सारण सैल राहिले तर घडी तव्यावरच फुटते.

ब्लिंत्झ खास करून शावुओत या सणाला करतात. सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा हा सण मे-जूनमध्ये येतो, म्हणजे आपल्याकडे आंब्याचे दिवस. त्या दिवशी दुधातुपाचे खायची रीत आहे.

आता नियम. ज्यू धर्मशास्त्रात करडाला त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तीनदा आली आहे. तिच्यावरून मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, असा दंडक बसला. फळे, भाज्या, अंडी, मासे हे दोन्हीकडे चालतात. म्हणून मांसाच्या जेवणानंतर ब्लिंत्झ हवे असतील, तर सारण फळांचे ठेवायचे, घोळात दुधाऐवजी पाणी घालायचे आणि लोण्याऐवजी तेल वापरायचे.

हाच दंडक आपल्या कोकणात मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीही पाळला. ते म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले. पुढे ते घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले 'शनिवार तेली'. गावांवरून आडनावे पडली: दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही. मग ओळख टिकली कशात? शनिवारच्या विश्रांतीत, मुलाच्या सुंतेत, 'शेमा' या एका प्रार्थनेत आणि चुलीवर. कोचीनकडून आलेल्या डेव्हिड रहाबी यांची कथा या समाजात सांगतात. ते नेमके कोणत्या काळात आले याबद्दल मतभेद आहेत. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले; हे आमच्यात चालत नाहीत, म्हणाल्या. धर्मशास्त्रातला नियम नेमका तोच आहे. रहाबींची खात्री पटली.

दुधाच्या दंडकाला कोकणाने नारळाने उत्तर दिले. बेने इस्राएल घरांतल्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध पडते. नववर्षाला, रोश हशानाला, गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून चिकाचा हलवा करतात, मग तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो. युरोपात दुधाच्या जागी पाणी आले, कोकणात नारळ.

फळांचा मान मात्र मलिद्याला. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओला नारळ, वेलची, सुका मेवा आणि सोबत पाच फळे. प्रेषित एलियाहू यांच्या नावाने हा मलिदा होतो, नवस फेडायला आणि शुभकार्याला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. आमच्या भाटापाऱ्याचे पोहे घेऊन रायपुरातही मलिदा उत्तम होईल.

फौजी माणूस म्हणून एक सांगितलेच पाहिजे. कंपनीच्या मुंबई फौजेत बेने इस्राएल मोठ्या संख्येने होते. त्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे १९६५ च्या युद्धात आपल्या नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन हेही याच समाजातले.

पण त्याच सुमारास या समाजाच्या वाट्याला काय आले पाहा. बरीच कुटुंबे इस्रायलला गेली होती. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने आदेश काढला की, बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतके शनिवार पाळलेल्या, माशाचे खवले तपासून रांधलेल्या घरांना वंशावळीचा पुरावा मागितला गेला. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि आदेशातला बेने इस्राएलांचा खास उल्लेख काढावा लागला. माझ्या मते ही लढाई कोणत्याही रणांगणाइतकीच अभ्यास करण्याजोगी आहे. लेखी दस्तऐवज नसला की पुरावा आचरणात शोधावा लागतो. रहाबींना तो भाकरीच्या चुलीजवळ दिसला होता.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्यांनी मात्र 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून इकडे आलेल्या आपल्या मराठी घरांना यातले मोल वेगळे सांगायला नको. आपली नातवंडे हिंदीत बोलतात, पण पुरणपोळीला पुरणपोळीच म्हणतात.

इंदूर, बडोदा, बेळगाव, तंजावर, जिथे असाल तिथून कळवा: तुमच्या घरात असा कोणता पदार्थ आहे, ज्याचा नियम पाळला जातो पण कारण कुणाला आठवत नाही? आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या भागात आलेल्या उत्तरांवर बोलू.

जय हिंद.