गंगारामाचा चहा आणि शाहूपुरीची पेठ

लहान धंदेवाल्याला सरकारने काय द्यावे, असा प्रश्न निघाला की पहिला शब्द येतो तो कर्जाचा. आम्ही हातगाडीवाले, हमाल आणि वर्कशॉपमधली पोरे यांच्यांत वावरलो; आमचा अनुभव थोडा निराळा आहे. कर्ज उपयोगी पडते, नाही असे नाही. परंतु त्याच्या आधी जागा लागते, गिऱ्हाईक लागते, आणि उद्या येथून कोणी उठवणार नाही ही खात्री लागते. या तीन गोष्टी आपल्या करवीरनगरीच्या इतिहासात कशा मिळाल्या, ते पाहू.

मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली 1891 साली. शाहू छत्रपती 1894 साली गादीवर आले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. जागेची निवड पाहा. गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे बैलगाडीने यावयाचे, अडतीत सौदा व्हावयाचा आणि माल तेथूनच वाघिणीत चढावयाचा. अशी पेठ उभी राहिली की गोणपाटवाला, गाडीची धाव बसवणारा लोहार, खानावळवाला यांना कोणी आमंत्रण द्यावे लागत नाही. दरबाराने प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवले नाहीत. धंदा जेथे होऊ शकेल अशी जमीन आखून दिली. (ज्याच्या पाठीवरून हा सारा गूळ गेला त्या हमालाची आठवण मात्र कायद्याला 1969 साली, माथाडी कायद्याच्या वेळी झाली. आम्ही युनियनवाले, म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

पण जागा सर्वांना सारखी मिळत नसते. गावगाड्यात कारागीर बलुत्याला बांधलेला. त्याच्या कामाची किंमत तो ठरवीत नसे. महाराजांनी 1918 साली बलुतेदारी मोडली, तेव्हा त्याला आपल्या हुन्नराचा भाव सांगण्याची मोकळीक मिळाली. आणि ज्याला लोक अस्पृश्य मानीत, त्याने दुकान काढलेच तर तेथे जाणार कोण?

गंगाराम कांबळे यांची हकीकत येथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. सरकारी पागेतला हा नोकर; पाण्याला शिवला म्हणून त्याने मार खाल्ला. महाराजांनी त्याला स्वतंत्र धंदा करावयास सांगितले व भांडवल दिले. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघाले, परंतु गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी दुकानासमोर उभी केली, चहा मागवला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावला. भांडवल देऊनही जे दुकान चालत नव्हते, ते त्या कपाने चालू लागले. बाजारात सारे स्वखुशीने होते असे सांगणाऱ्या पंडितांना आम्ही नेहमी हा दाखला देतो.

मात्र एक अडचण आहे. हा राजाचा मोठेपणा होता, आणि मोठेपणावर हक्क सांगता येत नाही. महाराज 1922 साली गेले. 1949 साली संस्थान विलीन झाले. 1972 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आता गाडी थांबवून चहा मागवणारा कोणी नाही, आणि असावा अशी वाट पाहणेही बरे नव्हे. त्या जागी 2014 सालचा पथविक्रेत्यांचा कायदा आला आहे. या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, व त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या. आधी पाहणी करून विक्रेत्यांची नोंद घ्यावयाची, प्रमाणपत्रे द्यावयाची. ते होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. पुढेही उठवावयाचे तर तीस दिवसांची नोटीस हवी.

म्हणजे पेठ आखण्याचे जे काम दरबाराने केले, ते आता नगराने विक्रेत्याला शेजारी बसवून करावयाचे आहे. कायदा झाला म्हणून ते आपोआप होत नाही. समितीची निवडणूक लांबली आणि पाहणी रखडली की रस्त्यावरच्या बाईच्या हाती कागद येत नाही, आणि कागद नसला की गाडी उचलली जाते. एका गावी आम्ही अशाच एका भाजीवालीबरोबर जप्तीच्या गोदामावर गेलो होतो. उचललेल्या मालाची यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो, हे कलम आम्ही तेथल्या कारकुनाला वाचून दाखवले. त्याने ते पहिल्यांदाच ऐकले असावे. त्याने यादी लिहिली. मेथी तोवर सुकली होती. वांगी मात्र त्याच संध्याकाळी विकली गेली.