गणवेश आणि हास्य : झेक सैनिकी विनोदपटांचे एक वाचन

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा १९१८ मध्ये अंत झाला आणि २८ ऑक्टोबरला प्रागमध्ये प्रजासत्ताक घोषित झाले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत झेक बोलपट अवतरला, तेव्हा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला नायक मात्र नव्या राष्ट्राचा नागरिक नव्हता. तो जुन्या सम्राटाच्या फौजेतला निवृत्त कप्तान होता. या विसंगतीचा उलगडा केवळ 'स्मरणरंजन' म्हणून होत नाही.

कारेल लामाच दिग्दर्शित 'त्से. आ का. पोल्नी मार्शालेक' (१९३०) हा तो चित्रपट. व्लास्टा बुरियानने रंगवलेला कप्तान फील्डमार्शलचा गणवेश चढवतो आणि सारी छावणी त्याला खराच मार्शल समजते. त्याच्या लेफ्टनंट पुतण्याचे कर्नलच्या मुलीवर प्रेम आहे. हा घाट उघडपणे ऑपेरेटाचा आहे : प्रेमासाठी वॉल्ट्झ, फौजेसाठी मार्च आणि दोहोंना जोडणारा वेशांतराचा गोंधळ. मार्टिन फ्रिचच्या 'पोबोच्निक येहो वीसोस्ती' (१९३३) या चित्रपटात बुरियान पुन्हा लष्करी अधिकारी झाला.

'मार्शालेक'चे मूळ नाटक एमिल आर्तुर लाँगेनचे. यारोस्लाव हाशेकच्या श्वेकला रंगभूमीवर आणणाराही हाच लाँगेन, ही बाब अर्थपूर्ण आहे. श्वेक आज्ञा इतक्या तंतोतंत पाळतो, की आज्ञेचेच हसे होते. कप्तान मात्र आज्ञा देणाऱ्याचे सोंग घेतो. पहिला उपहास सत्तेच्या तर्काला भिडतो, तर दुसरा तिच्या वस्त्रालंकारांशी खेळतो. गणवेश ही येथे चिन्हव्यवस्था आहे. कापडाला सलाम ठोकला जातो. आत कोण आहे, हे कोणी विचारत नाही. पण ऑपेरेटाचा सुखान्त हा प्रश्न तीव्र होण्याआधीच मिटवतो. प्रेमिकांचे जुळते आणि साम्राज्य एखाद्या लहरी, मायाळू काकासारखे उरते.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्या फौजेतील सुमारे ८० आज्ञाशब्द जर्मन होते. सैनिक मात्र अनेकभाषिक. झेक पडद्यावर ही फौज झेक बोलते, म्हणजे पराधीनतेचा एक खुणावणारा अवशेष पुसला जातो. याच चित्रपटाच्या जर्मन व फ्रेंच आवृत्त्याही निघाल्या. याचा अर्थ असा की, हे हास्य सीमापार नेण्याइतके निरुपद्रवी झाले होते.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गणवेश आता विनोदाची वस्तू राहिला नाही. १९४१ मध्ये बुरियानने निर्वासित झेक नेतृत्वाची खिल्ली उडवणाऱ्या नभोनाट्यात भूमिका केली. दडपणामुळे की अन्य कारणाने, हा वाद राहिला. युद्धोत्तर काळात त्याला कारावास आणि रंगमंचबंदी भोगावी लागली. पुनर्वसन मरणोत्तर झाले.

या घटनेवरून चित्रपटांवर निवाडा देणे अन्यायाचे ठरेल. तरीही तिच्यामुळे या प्रकाराची मर्यादा दिसते : मेलेल्या सत्तेला हसणे सोपे असते, पण त्या हास्याचा सराव जिवंत सत्तेसमोर कामी येईलच असे नाही. श्वेकचे हास्य त्या कसोटीला उतरते. मार्शलचे हास्य फक्त करमणूक करते. वाङ्मयेतिहासात दोघांनाही स्थान हवे, पण एकाच कप्प्यात नव्हे.